मार्च महिना कोणाचा

१

रोजनिशीतलं एक पान कोणीतरी कापून नेलं होतं.

ते फाटलेलं नव्हतं, वाळवीनंही खाल्लेलं नव्हतं. शिवणीला अगदी चिकटून, धारदार पात्यानं, जपून कापलेलं होतं. एकोणतीस मार्चचं पान जागेवर, एक एप्रिलचं पान जागेवर, आणि मधलं तीस-एकतीसचं तेवढं गायब.

हानावा यांनी चष्मा कपाळावर चढवला, वही नाकाला लावली, हुंगली सुद्धा. प्रांत कचेरीच्या पेन्शन टेबलावर सव्वीस वर्षं काढलेला माणूस. कागदाचा वास घेतल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. मग ते "छे छे छे" असं तीनदा म्हणाले आणि त्यांनी चहाचा पेला बाजूला सारला. हानावा चहा बाजूला सारतात म्हणजे प्रकरण गंभीर, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं.

समोर कुरामोची इने बसली होती. बावन्न वर्षांची विधवा. कापडगिरणीत फरशा पुसून पुसून तिच्या बोटांची पेरं सुजली होती. वही तिनेच रुमालात बांधून आणली होती.

"साहेब, हेच पान हवं होतं ना हो?" तिनं विचारलं.

"हेच," हानावा म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

ती रडली नाही. रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मग या महिनाअखेरीस मी घर सोडते. दीर म्हणतात, पेन्शन आलं तर राहा, नाहीतर घर विकू. समुद्राकाठच्या एका खानावळीत राहून काम करायचं मी कबूल केलंय. ह्यांच्या नावाचा देव्हारा तिथं नेऊ देतील की नाही, तेवढं विचारायचं राहिलंय."

हानावांनी मणी सरकवून हिशेब करायचा सोरोबान पुढे ओढला. हिशेब त्यांना पाठ होता, पण तो तिलाही नीट कळावा असं त्यांना वाटलं.

"हे बघा बाई. साध्या शिपायाला पेन्शन बसायला बारा वर्षं नोकरी लागते. म्हणजे एकशे चव्वेचाळीस महिने. आता बारा वर्षं कोण लढतंय? पण गेल्या वर्षी कायदा सुधारला. लढाईच्या मुलखातला एक महिना चार धरायचा. एक स्वतःचा आणि तीन वरची भर. तुमच्या मालकांना शोवा सन तेराच्या मार्चमध्ये चीनच्या लढाईचं बोलावणं आलं, शोवा सोळाच्या फेब्रुवारीत ते परत आले. बोट उजिना बंदरातून ज्या महिन्यात सुटली, तो लढाईचा पहिला महिना. आमच्या यादीप्रमाणे तुमचे मालक दुसऱ्या बोटीनं गेले, एक एप्रिलला. म्हणजे पस्तीस महिने लढाईचे, त्याचे एकशे चाळीस. मार्च घरच्या भूमीवरचा, त्याचा एकच. झाले एकशे एक्केचाळीस."

"तीन कमी."

"तीन कमी. आणि पहिल्या बोटीनं, तीस मार्चला गेले असते, तर बरोबर एकशे चव्वेचाळीस. पेन्शन त्यांचं, आणि त्यांच्यामागे अर्धं तुमचं."

"पण ते पहिल्याच बोटीनं गेले होते!" इने पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "मरायच्या आधी स्वतः सांगितलं मला. म्हणाले, 'मी एकाच्या बदल्यात दोन दिवस आधी गेलो.'"

हानावांचे कान टवकारले. "कोणाच्या बदल्यात?"

"ते मात्र नाही सांगितलं."

२

झालं काय, तर तुकडीतले चाळीस जण पहिल्या बोटीनं जायचे होते, बाकीचे दुसऱ्या. यादी आधीच वर गेली होती आणि तीच कचेरीत शिल्लक राहिली. आयत्या वेळी इनेचा नवरा, कुरामोची ताकेहेई, कोणाच्या तरी जागी चढला. ते यादीत कोणी सुधारलं नाही. नोंदलं असेल तर फक्त तुकडीच्या रोजनिशीत, त्या कापलेल्या पानावर.

"यादीविरुद्ध तोंडी साक्ष चालत नाही, कागदच लागतो," हानावा म्हणाले. "यादीवरून तुमचा अर्ज नाकारला गेलाय, आता अपिलाची मुदत महिनाअखेरपर्यंत. अकरा दिवस आहेत. ही वही होती कुठे?"

वही हिनोसावा गावातल्या सोबती मंडळाची. तुकडीतले गावात उरलेले आता तिघंच. दरवर्षी शरदात नदीकाठी जमून ते मोठ्या हंड्यात अळकुड्यांची आमटी करायचे, मेलेल्यांच्या नावानं एकेक वाटी बाजूला काढायचे, आणि वही पाळीपाळीनं घरी न्यायचे. गेल्या वर्षभरात ती तिघांच्याही घरी राहून आली होती. आरामाकी तोफूवाला, दोइगुची न्हावी आणि घरोघरच्या तातामी चटया विणणारा कुनिमोरी तातामीवाला. तिघंही यादीप्रमाणे पहिल्या बोटीतले, आणि तिघांनाही पेन्शन चालू.

"कापणारा या तिघांतलाच," हानावा म्हणाले. "आणि तुमचे मालक ज्याच्या बदल्यात गेले तोही तोच. दुसऱ्या कोणाला त्या पानाचं काय करायचंय?"

"कुनिमोरी भावजी सोडून बोला," इने चटकन म्हणाली. "ह्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या कार्याला त्यांनी घरातल्या सगळ्या चटया बदलून दिल्या. एक पैसा घेतला नाही. दर शरदात वाळवलेल्या पर्सिमॉन फळांची माळ आणून देतात. देवमाणूस आहे तो."

हानावांनी मान डोलावली आणि दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला. सव्वीस वर्षांतली त्यांची ही तिसरी रजा.

खरं म्हणजे हे त्यांचं काम नव्हतं. 'पुरावा अपुरा' असा शिक्का मारून मोकळं होता आलं असतं. पण हानावांचे डोळे जन्मापासून अधू. फौजेनं त्यांना घेतलंच नाही. त्यांच्या वयाची पोरं गेली आणि हे टेबलाशी बसून त्यांच्या महिन्यांच्या बेरजा करत राहिले. ती पोरं गेली म्हणून आपण बसलो, असं त्यांना नेहमी वाटायचं. उपकार कोणाचे, हेही नीट सांगता येत नव्हतं. म्हणून समोर येईल त्या कागदाशी ते इमानानं वागायचे, एवढंच.

३

आरामाकी तोफूवाला म्हणजे तोंडाळ माणूस. हानावा दारात दिसताच ओरडला, "या या पेन्शनदेवा! काय, माझं कमी करायला आलात की वाढवायला?"

"तोफू घ्यायला आलो."

"मग आधी डबा आणायचा! रिकाम्या हातानं तोफू घ्यायला येतात म्हणे, शिकलेली माणसं."

हानावा बाकावर टेकले. त्यांची एक पद्धत होती. ते तारखा विचारत नसत. माणसं तारखा घोकून ठेवतात, कचेरीत येण्याआधी एकमेकांच्या जुळवूनही घेतात. ते जेवणाचं विचारत.

"बोटीवर खायला काय होतं हो?"

"खायला?" आरामाकी हसला, दोन्ही हात पाण्यात तसेच. "कोरडी बिस्किटं आणि मुळ्याचं लोणचं. तेही आलं बाहेर. तीन दिवस ओकत होतो. दोन तारखेला उतरलो तेव्हा पाय लटपटत होते. दुसऱ्या दिवशी जिम्मू सम्राटांचा सण. गुडघाभर चिखलात उभं करून पूर्वेकडे वाकायला लावलं, आणि मग हातावर लाल चवळीचा भात. काय सांगू साहेब, तसा भात पुन्हा नाही खाल्ला. बायको करते, पण चिखल कुठून आणणार?"

"कुरामोची होता का तुमच्या बोटीत?"

आरामाकीचं हसू ओसरलं. "चाळीस माणसं बोकडांसारखी कोंबलेली. मी मान वर केली नाही तर काय दिसणार? त्या वहिनींसाठी 'होता' म्हणायला तयार आहे. म्हणू?"

"पाहिलंत का?"

"नाही," तो म्हणाला, आणि तोफूचा एक मोठा चौकोन कागदात बांधून फुकट दिला. "तिच्याकडे पोचवा. मी दिला म्हणू नका. पाच वर्षांपूर्वी ताकेहेईशी भांडलो होतो मी, आणि समेट करायच्या आत गेला तो. पान मी कापलं असं वाटतंय ना तुम्हाला?"

हानावांनी त्याला पानाबद्दल एक शब्द सांगितला नव्हता.

४

"गावात सगळ्यांना कळलंय," दोइगुची न्हावी म्हणाला. "वही वहिनींना मीच दिली. त्यांनी माझ्या दुकानातच उघडली, आणि पान नाही म्हणून मटकन खाली बसल्या. चार गिऱ्हाइकं होती. मग काय राहतंय लपून? बसा, दाढी करतो."

हानावा खुर्चीत बसले. गळ्याशी वस्तरा आला तेव्हा त्यांच्या मनात आलं, असल्या पात्यानं पान कापणं म्हणजे किती सोपं काम.

"कोणत्या कानात बोलू?" त्यांनी विचारलं.

"डाव्या. उजवा शांघायलाच राहिला." दोइगुची हसला. "म्हणून तर शोवा एकोणीसला आरामाकीला पुन्हा बोलावलं आणि मला नाही. त्याची बेरीज सतरा वर्षं भरली, माझी काठावर बारा. बहिरेपणाचा फायदा म्हणायचा की तोटा, तुम्हीच सांगा."

हानावांना हे माहीत होतं. सकाळीच त्यांनी तिघांची प्रकरणं काढून पाहिली होती. आरामाकीला मार्च महिना गेला काय नि राहिला काय, फरक नव्हता. दोइगुची आणि कुनिमोरी, दोघंही बरोबर एकशे चव्वेचाळीसवर. एक महिना निसटला की दोघांपैकी कोणाचंही पेन्शन बंद. म्हणजे वस्तरेवाला किंवा तातामीवाला.

"बोटीवर काय खाल्लंत?"

"बिस्किटं. मला बाधली नाहीत. मी तर कप्तानाची दाढी केली, बोट हलत असताना! एक ओरखडा नाही. उतरल्यावर दुसऱ्या दिवशी चिखलात लाल भात मिळाला, तो आठवतो. आरामाकीनं माझ्या वाट्यातला चोरला."

"कुरामोची?"

वस्तरा थांबला. आरशात दोइगुचीचा चेहरा पडलेला दिसला.

"मला एकच आठवतं," तो हळू म्हणाला. "धक्क्यावर कोणीतरी कोणालातरी ढकलून बोटीत चढलं आणि म्हणालं, 'तू थांब रे, माझं कोण येणार आहे?' आवाज ताकेहेईचा वाटला. पण कोणाला म्हणाला ते माझ्या पाठीमागे होतं. शप्पथ घ्यायला सांगाल तर घेववणार नाही मला."

५

कुनिमोरीचं घर गावाच्या टोकाला. अंगणात ओल्या गवताचा वास, आत चटया विणायचा चौथरा. आतल्या खोलीत त्याची बायको अंथरुणाला खिळलेली. वाऱ्याचा झटका येऊन तीन वर्षं झाली होती. कुनिमोरी तिला पाणी पाजून बाहेर आला आणि जमिनीला कपाळ टेकून नमस्कार करता झाला.

"तुमच्या पेन्शनमुळे हिचं औषध चाललंय साहेब. दर तिमाहीला मी कचेरीच्या दिशेनं हात जोडतो."

"पेन्शन माझं नव्हे, तुमचं," हानावा अवघडून म्हणाले. "जुन्या गोष्टी काढायला आलोय. बोटीवर जेवायला काय मिळायचं?"

कुनिमोरीचे डोळे दूर गेले. तो कमी बोलणारा माणूस, पण चांगलं आठवून बोलायचा. "बिस्किटं असायची. आणि हो, लाल भात. डेकवर रांगेत उभे होतो, हातात भात, आणि एक लाट आली. सगळा भात खारट झाला. फेकवेना. तसाच खाल्ला. अजून लाल भात केला की मी चिमूटभर मीठ जास्त घालतो, ही ओरडायची."

आतून बायको तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. तिलाही हसू आलं असावं.

"आणि परत येताना?"

"परत येताना मी तुकडीबरोबर नव्हतो. छाती बिघडलेली, शांघायच्या इस्पितळात पडून होतो. तुकडी गेली आणि मग दोन-चार दिवसांनी आमची आजाऱ्यांची बोट निघाली. म्हणून तर पुढे कधी बोलावलं नाही मला." त्यानं चहा पुढे केला. "वहिनींचं होईल ना काही?"

हा प्रश्न त्यानं इतक्या मनापासून विचारला की हानावांनी चहा बाजूला सारला. ते निघाले. नदीवरच्या पुलापर्यंत आले आणि अचानक तिथंच थांबले, मागून येणारा सायकलवाला धडकता धडकता वाचला.

"अहो आजोबा, मरायचंय का?"

"लाल भात!" हानावा म्हणाले.

६

"मला नाही पटत," इने म्हणाली. "तुम्ही भातावरून माणसाला चोर ठरवता?"

दोघं तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. समोर तोफू होता, तिनं त्याच्यावर आलं किसून घातलं होतं, आणि दोघंही त्याला हात लावत नव्हते.

"ऐका बाई. फौजेत लाल भात कधी शिजतो? सणाला. एरवी शिजवून दाखवा, आचारी कोठडीत जाईल. तीस मार्च ते दोन एप्रिल यात सण आहे का?"

"नाही."

"पहिली बोट दोन तारखेला किनाऱ्याला लागली. तीन तारखेच्या सणाला ते लोक जमिनीवर होते. आरामाकीनं चिखलात भात खाल्ला, दोइगुचीनं चिखलात खाल्ला. डेकवर लाल भात खायचा तर तीन एप्रिलला माणूस समुद्रात हवा. आणि त्या दिवशी समुद्रात फक्त एकच बोट होती, एक तारखेला सुटलेली. दुसरी."

इनेनं तोफूची बशी बाजूला सारली. मग उठली, हात पुसले, पुन्हा बसली.

"तीन वर्षांमागे," ती म्हणाली, "मला न्यूमोनिया झाला होता. कुनिमोरी भावजी आजारी बायकोला शेजारणीवर सोपवून माझ्यासाठी डॉक्टर आणायला बर्फातून गेले. हे खरं आहे साहेब. तुमचा भात खरा असला तरी हेही खरं आहे."

"दोन्ही खरंच असणार," हानावा म्हणाले.

"मग त्यांना विचारू नका. पान मिळालं तर त्यांचं पेन्शन जाईल ना? तिचं औषध बंद होईल."

"आणि नाही मिळालं तर तुमचं घर जाईल."

"मी काम करू शकते. ती उठूही शकत नाही."

हानावांना त्या क्षणी आपल्या टेबलाचा, शिक्क्याचा, सगळ्याचा राग आला. एकच मार्च महिना, आणि दोन घरं त्याच्यावर टेकून उभी. ते म्हणाले, "मी विचारणार. पण काय करायचं ते तो ठरवेल. त्याला तेवढी संधी नाही दिली तर आपण त्याला चोरच समजलो असं होईल."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी कुनिमोरी चटईची किनार शिवत होता. हानावांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"खारट भात तीन एप्रिलचा आहे, कुनिमोरीसान. तुम्ही दुसऱ्या बोटीत होतात."

सुई थांबली. कुनिमोरीनं ती जपून चटईत टोचून ठेवली, उठला, आत गेला. हानावांना वाटलं, गेला मागच्या दारानं. पण देव्हाऱ्याचा खण ओढल्याचा आवाज आला, आणि तो दोन्ही हातांत एक कागद घेऊन परत आला, देवाचा प्रसाद आणावा तसा.

"जाळायला निघालो होतो," तो म्हणाला. "तीनदा चुलीपाशी नेलं. ह्याच्यावर ताकेहेईचं नाव आहे. हात धजला नाही. मग देव्हाऱ्यात ठेवलं आणि रोज उदबत्ती लावत राहिलो. चोरी केली आणि तिचीच पूजा केली. असला मूर्ख पाहिलाय तुम्ही?"

पानावर स्वच्छ लिहिलं होतं: तीस मार्च. शिपाई कुनिमोरी याच्या जागी शिपाई कुरामोची ताकेहेई पहिल्या बोटीत.

"का थांबला होतात तुम्ही?"

"आई येत होती," कुनिमोरी म्हणाला. "गावाहून उजिनाला, दोन दिवस आगगाडीनं, मला बघायला. तार आली, एकतीसला पोचते. आणि माझी बोट तीसला. मी धक्क्यावर रडत होतो, बाविशीचा घोडा. ताकेहेईला आई नव्हती, बाप नव्हता, लग्न व्हायचं होतं, भाऊ शाळकरी. तो म्हणाला, 'तू थांब रे, माझं कोण येणार आहे?' आणि चढला. त्याच शरदात आई गेली. ते दोन दिवस त्यानं मला दिले साहेब. आणि मी त्याच्या बायकोचा महिना चोरला."

"कधी कापलंत?"

"कायदा आला तेव्हा कचेरीनं यादी बघितली आणि म्हणाली, मार्चपासून धरून बरोबर बारा वर्षं. मी गप्प बसलो. हिचं औषध होतं. वाटलं, ताकेहेई तर गेला, त्याला काय लागणार? त्याच्यामागे वहिनींना मिळू शकतं हे मला माहीतच नव्हतं. त्या अर्ज करणार असं कळलं त्या दिवशी वही माझ्याकडे होती." त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं. "घेऊन जा. माझं बंद करा. घेतलेलं मी फेडीन, चटया विणून फेडीन. वहिनींना फक्त एवढं सांगा, की मी आता त्यांना तोंड दाखवणार नाही."

हानावांनी पान घेतलं. आतल्या खोलीतून त्याच्या बायकोचा हुंदका ऐकू आला. तिनं सगळं ऐकलं होतं.

८

पान जोडून इनेचं अपील तयार व्हायला अर्धा तास लागला. छत्तीस महिने लढाईचे, चार पट, एकशे चव्वेचाळीस. हानावांनी शिक्का मारला आणि त्यांना मुळीच आनंद झाला नाही.

मग त्यांनी कुनिमोरीचं प्रकरण उघडलं. बंद करायचं तर हिशेब पुन्हा मांडायला हवा. मार्च काढला. एप्रिलपासून फेब्रुवारीपर्यंत पस्तीस. सोरोबानवरचं बोट तिथंच अडलं. फेब्रुवारी? कोणाचा फेब्रुवारी? तुकडी फेब्रुवारीत परतली. हा इस्पितळात होता.

प्रकरणाच्या तळाशी इस्पितळाची पिवळी चिठ्ठी चिकटलेली होती. अर्जात कुनिमोरीनं लिहिलं होतं, 'तुकडीबरोबर फेब्रुवारीत परत', आणि चिठ्ठी कोणी उलटून पाहिली नव्हती. हानावांनीही नाही. चिठ्ठीवर होतं: आजाऱ्यांची बोट, शांघायहून एक मार्च, मायदेशी आगमन चार मार्च.

"अरे गाढवा," हानावा मोठ्यानं म्हणाले. कचेरीतल्या सगळ्यांनी वर पाहिलं. ते कुनिमोरीला म्हणाले की स्वतःला, ते कोणालाच कळलं नाही.

महिना मोजायचा तो सुरू होतो त्याचाही पुरा आणि संपतो त्याचाही पुरा. मग त्यात चार दिवस असोत की एक. एप्रिल ते मार्च, पुरे छत्तीस. चार पट, एकशे चव्वेचाळीस. आणि आधीचा मार्च घरच्या भूमीवर, आईला भेटण्यात गेलेला, त्याचा एक. एकशे पंचेचाळीस! खरं बोलला असता तर खोट्यापेक्षा एक महिना जास्तच भरत होता. तीन-चार दिवसांचा कुठे महिना होतो, असं धरून या माणसानं स्वतःचा महिना फेकून दिला आणि दुसऱ्याचा चोरला.

हानावांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. शिपायानं न सांगता चहा आणून ठेवला. हानावांनी त्याच्याकडे बघून हात जोडले. तो बिचारा घाबरून निघून गेला.

इनेला त्यांनी सगळं तिच्या दारातच सांगितलं. ती ऐकत राहिली. तिचं घर राहणार होतं, देव्हारा जागचा हलणार नव्हता, पण त्याबद्दल ती अजून काही बोलली नाही.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "लपवत नाही मी. वर्षभर माझ्या हातचा चहा प्यायले ते." मग तिनं पायात चप्पल सरकवली. "चला."

कुनिमोरी चौथऱ्यावर नुसताच बसला होता, हातात काम नव्हतं. तिला बघून तो मागे सरकला, भिंतीला लागला. हानावांनी घाईघाईनं एकशे पंचेचाळीस सांगितले, दोनदा सांगितले. त्याला समजलेच नाहीत. तो फक्त इनेच्या पायांकडे बघत होता.

इने चौथऱ्याच्या कडेला बसली.

"भावजी, हे पाच वर्षं अंथरुणावर होते. मी कितीदा विचारलं, दोन दिवस आधी का गेलात, कोणासाठी गेलात. हसायचे नुसते. त्यांच्या त्या दोन दिवसांचं काय झालं, ते तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. सांगा मला. आई कशा आल्या?"

कुनिमोरी भिंतीपासून जरा पुढे सरकला. मग तुटक तुटक सांगू लागला. आई स्टेशनातून बाहेर पडताना वाट चुकली, उलट्या दिशेनं गेली. तिच्या गाठोड्यात भाताचे गोळे होते, दोन दिवसांत आंबून गेलेले, आणि ती समोर बसून 'खा, खा' म्हणत राहिली. त्यानं सगळे खाल्ले. रात्री तिनं त्याच्या अंगरख्याचं बटण शिवलं, शिवलेलंच पुन्हा शिवलं. निघताना विचारलं, तुला थांबू कोणी दिलं? त्यानं नाव सांगितलं. तेव्हा ती धक्क्यावर गेली, समुद्राकडे तोंड करून हात जोडून उभी राहिली. बोट कधीच गेली होती. गाडीची वेळ झाली तरी हलेना.

"ह्यांना कळलं हे?" इनेनं विचारलं.

"शांघायला भेटल्याबरोबर सांगितलं. ताकेहेई काही बोलला नाही. दिवसभर गाणं गुणगुणत होता मात्र. आम्ही वैतागलो."

इने हसली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते तिनं पुसलं नाही. आतून कुनिमोरीच्या बायकोनं काहीतरी म्हटलं. इने उठली, आत जाऊन तिला उशीला टेकवून बसवलं, दार पूर्ण उघडं केलं, आणि तिच्याजवळच बसली.

"आभार वगैरे मी नंतर मानीन," ती म्हणाली, "आणि राग पण नंतर. आता ते पुन्हा सांगा भावजी. आगगाडीपासून सांगा. हिलाही ऐकू दे."